गुलाब पेंटरचं बुडतं जहाज

सानगडीच्या गुलाब जांभुळकरला आडनावानं कोणी ओळखत नाही. गुलाब पेंटर म्हणा, साकोलीपासून लाखांदूरपर्यंत कोणीही सांगेल, तो नाटकाचे पडदे रंगवतो तोच ना. झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांच्या मागे दिसणारे महाल, जंगलं, तुरुंग आणि पाटलांच्या बैठकी यातलं निम्म्याहून अधिक गुलाबच्या हातचं होतं. कुठल्याशा गावात एकदा नट आपली वाक्यं विसरला तेव्हा लोक म्हणाले होते, जाऊ द्या हो, तेवढा वेळ पडदा पाहू.

पण ते दिवस सरत चालले होते. कंपन्या मागे मोठा स्क्रीन लावून त्यावर चालतीबोलती बाग दाखवायला लागल्या होत्या. कोणी छापील पडदे आणत. गुलाबकडे हातानं रंगवलेला पडदा मागणारा एकच निर्माता उरला होता, चंद्रकुमार. तो मूळचा लाखांदूर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावचा, श्रावण पाटलांचा मुलगा. शेती सोडून नाटकात पडला आणि त्यात रमला. गुलाबला तो मानायचा आणि गुलाबही त्याला धरून होता.

धान निसवून लोंब्या दिसायला लागल्या होत्या तेव्हा एका सकाळी चंद्रकुमार आला. चहा यायच्या आत त्यानं मोबाइल गुलाबच्या समोर धरला.

"गुलाबभाऊ, हे पाहा."

गुलाबनं चष्मा लावला. काळ्या खडकांवर एक जहाज कलंडून पडलं होतं. डोलकाठी मोडली होती, शिडाच्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या. हिरव्याकाळ्या लाटा घराएवढ्या उंच उठल्या होत्या आणि वर ढगांच्या एका फटीतून पिवळा, आजारी उजेड खाली पडत होता. त्या उजेडात मुंग्यांएवढी माणसं दिसत होती. कोणी दोराला लोंबकळलं होतं, कोणी फळीला चिकटलं होतं, खडकावरची दोघं-तिघं खालच्यांना वर ओढत होती.

"दोनशे वर्षांपहिलेचं चित्र हाये, विलायतेतलं," चंद्रकुमार म्हणाला. "नव्या नाटकात थोरला भाऊ परदेशी निघते आन् तिसऱ्या अंकात त्याचं जहाज फुटते. मले मागं हेच पायजे. जसंच्या तसं."

"समुद्र मी पाह्यला नाई, चंदूभाऊ."

"महाल तरी कोठं पाह्यला होता तुमी?"

गुलाब हसला. पण चंद्रकुमार गेल्यावर तो ते चित्र पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिला. चहा निवून गेला. सुमनबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "एवढं काय हाये त्याच्यात?" तर तो म्हणाला, "पाणी हाये."

गावातली एक राइस मिल बरीच वर्षं बंद होती. तिच्या गोदामात गुलाब पडदे पसरायचा. मांजरपाटाचे पट्टे शिवून झाले, त्याला खळ दिली, वाळल्यावर कोळशानं चौकटी आखल्या. मोबाइलमधलं चित्र चौकटी-चौकटीनं कापडावर चढवायला त्यानं सुरुवात केली. जहाजाला त्रास झाला. दोरखंडांची गुंतागुंत त्याला उलगडेना, डोलकाठी दोनदा पुसावी लागली. पाणी मात्र आपोआप आलं. सरसात कालवलेली नीळ, काजळी आणि हिरवा घेऊन तो लाट ओढायला लागला की हात थांबायचाच नाही. लाट कुठं फुटेल, कुठं आतून उजळेल, कुठं काळी पडेल हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

कारण ते वादळ तो तीसेक वर्षं मनात बाळगून होता.

गुलाबची धाकटी बहीण रेणू. चंद्रकुमारच्याच गावात तिला दिली होती. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या दिवसांत ती इतर बायकांसोबत वैनगंगेपलीकडच्या शेतावर निघाली होती. शेत श्रावण पाटलांचं. भर नदीत डोंगा उलटला. काही बायका वाचल्या, बऱ्याच गेल्या. डोंगा चालवणारा केवळरामही गेला. गुलाब त्या वेळी वडशाला एका उस्तादांच्या हाताखाली पडदे शिकत होता. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं, पाटलांची गाडी मात्र अजून दारात उभी होती. रेणूचा देह श्रावण पाटलांनी स्वतःच्या बैलगाडीतून सानगडीला, माहेरी पोचवला होता. अंगणात उभं राहून, डोळ्यांना पंचा लावून पाटील म्हणाले होते, वावधन आलं हो, वाऱ्याच्या एका झोतात डोंगा पालथा झाला, देवाच्या मनात होतं. गुलाबची आई पुढं मरेपर्यंत वाऱ्याला शिव्या देत होती. खिडकीचं दार आपटलं तरी तिचा शिव्यांचा पट्टा सुरू व्हायचा.

गुलाबनं कोणाला काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं होतं तरी काय? वारा आला होता. तो वारा त्यानं डोक्यात इतक्या वेळा पाहिला होता की आता तो नुसता हातातून उतरत होता.

पडदा अर्धा झाला तेव्हा चंद्रकुमार पाहायला आला आणि खूश झाला. फक्त म्हणाला, "माणसं लय बारीक हायेत. आन् तोंडं तं दिसूनच नाई राहिले."

"मूळ चित्रात बी नाई दिसत."

"ते मूळ चित्र भिंतीवर टांगाले असन. आपल्याले मागच्या बैठकीतल्या माणसाले दाखवाचं हाये. तोंडं काढा, गुलाबभाऊ. भेव वाटलं पायजे."

तोंडं काढायची म्हणजे ती कोणाची तरी काढावी लागतात. गुलाबनं डोलकाठीवरच्या माणसाला सानगडीच्या पोस्टमनचं नाक दिलं. खडकावरच्या दोघांना साकोलीच्या बसस्टँडवरचे चेहरे दिले. खाली लाटेत, फळी धरलेली एक बाई होती. तिचं तोंड त्यानं सगळ्यात शेवटी केलं. केस विस्कटलेले, तोंड उघडं, हाक मारणारं.

सुमनबाई जेवणाचा डबा घेऊन गोदामात आली. डबा तिनं खाली ठेवला नाही.

"हे रेणू हाये," ती म्हणाली.

गुलाब रंगाचे डबे झाकू लागला.

"तुमाले समजते का काय करून राहिले? त्या पडद्याच्या समोर लोक शिट्ट्या मारतीन. कोणी खर्रा खाऊन थुकन. तिले तिथं टांगता?"

"कोणाले ओळखू येणार हाये? तीस वर्सं झाले."

"मले आली ना?"

तिनं डबा ठेवला आणि ती निघून गेली. गुलाबनं तोंड पुसायला हातात कुंचला घेतला. पाण्यात बुडवला. मग ठेवून दिला. रेणूचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात फोटोवाला येणार होता, तो आलाच नव्हता. एवढ्या वर्षांनी ती अशी समोर आली आणि आपल्याच हातानं तिला पुसायचं, हे त्याच्यानं होईना.

पडद्याचा पहिला प्रयोग चंद्रकुमारनं आपल्याच गावच्या मंडईला लावला. गुलाब एरवी प्रयोगाला जात नसे. या वेळी गेला. सानगडीहून साकोली, तिथून लाखांदूरची एस.टी., पुढं एका ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर. रेणू गेल्यानंतर त्या गावात त्यानं पाय ठेवला नव्हता. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि तो नागपूरकडे निघून गेला, मग जायला कारणच उरलं नव्हतं.

दुपारी मंडई फुलली होती. कोणी बांबूच्या टोपल्या मांडल्या होत्या, कोणी मुरमुरे-फुटाणे, कोणी बांगड्या. शाळेमागच्या मैदानात रंगमंच उभा होता आणि कंपनीची माणसं पडदे चढवून, सोडून पाहत होती. जहाजाचा पडदा सुटला तसे मंडईतले लोक तिकडे वळले. उन्हात ते पाणी आणखीच काळं दिसत होतं. कोणीतरी "बापरे" म्हणालं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "आपल्या घाटावर डोंगा उलटला तवा अस्संच झालं होतं. असंच वावधन होतं." शेजारचा म्हणाला, "हाव ना." तिसऱ्यानं मान डोलावली. गुलाब बाजूलाच उभा होता. त्याला एकाच वेळी बरंही वाटलं आणि कसंसंही.

गर्दीत एक बाई होती. साठी उलटलेली, डोक्यावर टोपल्यांची उतरंड. ती पुढं पुढं येत पार रंगमंचाच्या कडेपर्यंत आली. टोपल्या तिनं खाली ठेवल्या आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे, लाटेतल्या बाईकडे पाहत राहिली. मग वळून मोठ्यानं विचारलं, "हे कोणं काढलं?"

"मी काढलं, बाई," गुलाब म्हणाला.

"तुमी रेणूचे कोण?"

"भाऊ."

"मी ललिता. त्या डोंग्यात होती मी. तिच्या बाजूले बसली होती."

ते दोघं शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. ललिताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पडद्याकडे पाठ केली.

"तुमाले राग नाई आला तं एक सांगू, भाऊ? असं नाई झालं."

"कसं नाई झालं?"

"वारा नोता."

गुलाबनं वळून पडद्यावरच्या ढगांकडे पाहिलं.

"वारा कोठचा जी? उघाड पडली होती. ऊन तापत होतं. पाणी आरशावानी सपाट. रोवाचे पऱ्हे उपटून पहिलेच पलीकडं नेऊन ठेवले होते, ते सुकून चालले होते. केवळराम म्हणे, एवढ्या बाया एका खेपेत नाई घेत, दोन खेपा करतो. पाटील काठावर छत्री धरून उभे. म्हणे, दोन खेपात अर्धा दिवस जाते, पऱ्हे हातचे जातीन, चढा साऱ्या. आमी चढलो. कोणी नाई नाई म्हणलं. नदीच्या मधात गेलो आन् डोंग्याच्या काठावरून पाणी आत आलं. हळूच. कोणी हलवला नाई, कोणी उलटवला नाई. बसल्या बसल्या आमी पाण्यात. माह्या बाजूची एक तं हसली बी, तिले वाटलं लुगडं भिजलं."

मंडईत कोणीतरी भोंग्यावर रात्रीच्या नाटकाची हाक देत होतं. ललिताबाई थांबली, आणि भोंगा थांबल्यावर पुन्हा बोलू लागली.

"आन् रेणू चिल्लावली नाई. तुमी तिचं तोंड उघडं काढलं. तिनं तोंड घट मिटलं होतं. केवळरामचा बांबू तिच्या हाती लागला होता. तिनं तो माह्या हातात देल्ला. मी धरला. मंग तिनंही धरावा ना? बांबू दोघीले पुरला असता, भाऊ. मी तिच्याकडं पाहून राहिली होती. तिनं नाई धरला. काहून, ते मले आजवर नाई समजलं."

"बाई, तुमी हे कोणाले सांगतलं नाई?"

"कोणं विचारलं? पोलीस आले तवा पाटील संग होते. माहा माणूस त्याईचा सालगडी. घर त्याईच्या वाडीत. त्यायनं म्हणलं वारा, मंग साऱ्यायनं म्हणलं वारा. आता माहा माणूस गेला. मले कोणाचं भेव हाये? पण आता विचारते कोण?"

गुलाबला एकदम एक गोष्ट कळली. पऱ्हे सुकत होते, घाई त्यासाठीच होती, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या आईलाही कोणीतरी हे सांगितलं होतं. आणि पऱ्हे उन्हात सुकतात. वादळात कसे सुकतील? एवढी साधी गोष्ट तीस वर्षांत त्याच्या मनाला शिवली नव्हती. त्यानं वादळावर वादळ चढवलं होतं.

तो उठला आणि सरळ श्रावण पाटलांच्या घरी गेला.

पाटील ऐंशीच्या घरात होते. ओसरीवर खाटेवर बसून सुपारी कातरत होते. गुलाबला त्यांनी लगेच ओळखलं. "ये, बस. तुहा पडदा पाहून आलो मी. सून घेऊन गेली होती. लय जबर काढला."

गुलाब बसला नाही. "पाटील, त्या दिवशी वारा होता का?"

पाटलांचा अडकित्ता थांबला. "कोण म्हणते नोता?"

"तुमी सांगा."

"होता. पोलिसायच्या कागदावर हाये. आन् आता तुह्या पडद्यावर बी हाये. सारा गाव पाहून आला, म्हणते अस्संच झालं होतं. तूच काढलं, आन् तूच मले विचारतं?"

पाटलांचा आवाज खाली आला.

"तुही बहीण मी माह्या गाडीत घातली, गुलाब. हातानं उचलून घातली. बैल मी हाकले. मले काही नाई वाटलं असं समजतं का?"

ते खोटं नव्हतं. गुलाबला ती गाडी आठवली, तो ओला पंचा आठवला. त्याला वाटलं होतं पाटील भांडतील, हाकलतील. तसं काही झालं असतं तर सोपं गेलं असतं. तो हात जोडायला विसरला आणि तसाच बाहेर पडला.

मैदानावर पडदा अजून सुटलेलाच होता. गुलाबनं कंपनीच्या सामानातून करडा रंग मागून घेतला, त्यात थोडी नीळ टाकली, आणि सगळ्यांच्या देखत लाटेतल्या बाईवर पाणी चढवलं. आधी पाठ, मग हात, शेवटी तोंड. चंद्रकुमार धावत आला.

"अहो, काय करता? तिथली बाई कोठं गेली?"

"बुडाली," गुलाब म्हणाला. त्यानं कुंचला धुतला आणि तो नाटक सुरू व्हायच्या आत गावातून निघाला.

जहाजाचा पडदा त्या हंगामात गाजला. लोक पडदा पाहायला म्हणून नाटकाला जायचे. कौतुकाचे फोन गुलाबला यायचे आणि तो ते सुमनबाईच्या हातात द्यायचा. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली, "तुमची माय वाऱ्याले शिव्या देत मेली." त्यानंतर ती जेवली नाही. मुलगी प्रतीक्षा भंडाऱ्याला नोकरीला होती, तिला फोनवर हे कळलं तेव्हा ती चिडली. केस करू, म्हणाली. कोणावर, कशावर, कोणाच्या साक्षीवर, हे गुलाबलाही सांगता येईना आणि तिलाही. दोन-चार दिवस फोन झाले, मग त्यावर कोणी बोललं नाही.

पण गुलाबला ते सोसवेना. कुठल्या ना कुठल्या गावी ते वादळ रोज उभं राहत होतं, आणि नदीकाठच्या लोकांना ते आपलं वाटत होतं. एक दिवस त्यानं उरलेलं कापड काढलं, गोदामात पसरलं, आणि एस.टी.नं जाऊन ललिताबाईला सानगडीला घेऊन आला. ती सुमनबाईजवळ राहिली. सकाळी दोघी गोदामात यायच्या. ललिताबाई खुर्ची नको म्हणायची, कापडाच्या कडेला जमिनीवर बसायची आणि सांगायची. इथं रेणू, इथं मी. ही पुढं बसली होती, हिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. केवळराम मागं उभा. गुलाब काढायचा. सवयीनं त्यानं वर ढग भरले तर ती म्हणाली, "ढग नको." लाट काढली तर म्हणाली, "लाट नको." पाण्याला नुसता एक सपाट, पांढुरका निळा रंग दिला तेव्हा ती काही बोलली नाही.

"काठावर कोणी?" गुलाबनं विचारलं.

"काठावर छत्री."

गुलाबनं छत्री काढली. छत्रीखाली एक माणूस, एक हात वर केलेला. तोंड काढलं नाही, छत्रीच्या सावलीत राहू दिलं.

काम संपलं तेव्हा तो दोन पावलं मागं सरला आणि त्याचं मन खट्टू झालं. ऊन होतं, संथ नदी होती, डोंग्यात दाटीवाटीनं बसलेल्या बायका होत्या, एकीच्या ओठांवर हसू. डोंग्याचा काठ पाण्याला टेकला होता एवढंच. कोणालाही वाटलं असतं, बाया कामावर निघाल्या आहेत. जहाजाच्या पडद्यासमोर लोकांचे श्वास अडकायचे. इथं कोणाचं काय अडकणार?

"बाई, हे बुडून राहिले हे कोणाले समजन?"

"आमाले बी नोतं समजलं," ललिताबाई म्हणाली.

ही गोष्ट गावात राहिली नाही. सानगडीचे लोक येऊन पाहून गेले. मग नदीकडचेही कोणी कोणी आले. हंगाम संपता संपता चंद्रकुमार आला. गोदामाच्या दारातच चपला काढून तो आत आला आणि चित्रासमोर उभा राहिला.

"छत्रीवाला कोण हाये?"

"तुमाले माहीत हाये, चंदूभाऊ."

"मी लहान होतो तवा. घरात कोणी बोलत नाई. बाबा आता थकले. त्याईचं शेवटचं असं करता का? तेवढा माणूस पुसून टाका. बाकी चित्र राहू द्या, मी स्वतः मंडईत लावतो."

"नाई पुसत."

"त्या बाईले तं पुसलं होतं तुमी. माह्या देखत."

"तिथं ती नोतीच," गुलाब म्हणाला. "इथं ते होते."

चंद्रकुमार दाराकडे वळला. चपला घालताना त्याचा तोल गेला आणि त्यानं भिंतीला हात टेकला. त्यानंतर तो आला नाही. पुढच्या हंगामात त्याच्या कंपनीनंही स्क्रीन घेतला. गुलाबकडे पडद्याचं काम राहिलं नाही. तो शाळांच्या भिंतींवर नकाशे आणि पाढे रंगवतो, कोणाच्या दुकानाची पाटी लिहितो. हात चालू आहे, पण मन लागत नाही, असं तो स्वतःच म्हणतो.

उन्हाळ्यात श्रावण पाटील गेले. गुलाब मयतीला गेला. जावं की नाही यावर सुमनबाईचं आणि त्याचं भांडण झालं होतं, तरी गेला. लोकांच्या मागे उभा राहिला. कोणी त्याला या म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. चंद्रकुमारनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ज्या हातांनी आपल्या बहिणीला डोंग्यात चढवलं आणि ज्यांनी तिला उचलून घरी आणलं, ते एकाच माणसाचे हात होते, याचं काय करायचं हे गुलाबला चिता पेटेपर्यंत कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

आषाढात, रोवणे सुरू व्हायच्या थोडं आधी, ललिताबाईनं निरोप पाठवला की ते कापड घाटावर घेऊन या. गुलाबनं ते बांबूला गुंडाळून एस.टी.च्या टपावर बांधलं. सुमनबाईही सोबत निघाली. घाटावर आता डोंगा चालत नाही, थोड्या अंतरावर पूल झाला आहे. दोन बाभळींच्या मध्ये दोरी बांधून त्यांनी कापड टांगलं. फार लोक आले नाहीत. पाटलांच्या घरचं कोणी आलं नाही. पण ज्यांच्या घरच्या बाया गेल्या होत्या त्यातले काही आले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, माही कोणती, आणि ललिताबाईनं भाकरीच्या गाठोड्यावर बोट ठेवलं. तो तिथंच खाली बसला.

एक बाई मागे उभी होती. तिशीतली, रत्नमाला तिचं नाव, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. ती पुढं आली.

"आजी, माही माय कोठं हाये?"

ललिताबाईनं तिच्या आईचं नाव विचारलं. ऐकून डोळे बारीक करून चित्रावर शोधलं. डोंग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिलं. "होती ती," ती म्हणाली. "होती, पण कोठं बसली होती ते मले याद नाई राह्यलं, बाई. तोंडही नाई आठवत." आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तिला रडू आलं.

गुलाबनं पिशवीतून रंग काढले. "कशी दिसे तुमची माय?" त्यानं रत्नमालेला विचारलं.

"मले काय माहीत जी? मी तं पाळण्यात होती. फोटोही नाई."

गुलाबनं रेणूच्या मागची थोडी मोकळी जागा ओल्या फडक्यानं पुसली. सुमनबाईनं एक दगड आणून दिला. रत्नमाला त्यावर नदीकडे तोंड करून बसली. गुलाबनं चष्मा लावला आणि तिच्या कपाळापासून काढायला सुरुवात केली.